बोटीची जमीन

"डावीकडच्या कोपऱ्यात कोण बसलंय?" बोटीखालून मिस्त्रीचा आवाज आला. "वहिनी, एकदम उठू नका. आधी कठडा धरा."

थोरली जाऊ मांडीवर तिकिटांची पिशवी घेऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. तिने कठडा धरला. तेवढ्यात तिच्या चपलेशेजारी कार्पेटला फुगवटा आला, आणि तो फाडून स्क्रूड्रायव्हरचं टोक वर आलं.

"अगं बाई!" धाकटी ओरडली. "अहो, भोकं काय पाडताय?"

"जोर नाही लावला, वहिनी. नुसता टेकवला."

बोट सकाळीच पाण्याबाहेर काढून ट्रॉलीवर चढवली होती. दोन लांब ॲल्युमिनियमची पिंपं, त्यांच्यावर प्लायवूडची जमीन, जमिनीवर खुर्च्या, कठडा आणि छत, एवढाच तिचा पसारा. दोघी जावा मिळून तिच्यावर तलावात फेऱ्या मारत. धाकटी चालवायची, थोरली तिकिटं द्यायची. मिस्त्रीला बोलावलं होतं ते कार्पेटला कुबट वास येतो म्हणून. शनिवारपासून सुट्ट्यांची गर्दी. दहा-बारा हजारांत नवं कार्पेट टाकून मोकळं व्हायचं, असं धाकटीने ठरवून टाकलं होतं.

मिस्त्री खालून सरपटत बाहेर आला. केसांत भुसा, खांद्यावर भुसा. कानावरची पेन्सिल काढून त्याने कठड्यावर कागद ठेवून बराच वेळ आकडेमोड केली.

"पावणेतीन लाख."

"कशाचे?" धाकटीने विचारलं. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"जमिनीचे."

"अहो, बोटीची जमीन. तलावाकाठचा प्लॉट नाही मागितला मी."

मिस्त्री हसला नाही. "प्लायवूडचं काही एवढं नाही. पण ते बदलायचं तर वरचं सगळं उतरवावं लागतं. खुर्च्या, कठडा, छत, स्टिअरिंग, वायरी. उतरवायचं आणि परत बसवायचं, पैसे त्याचे. तीन आठवडे धरा."

"पण कुजेल कशाने? रोज पाइप लावून धुते मी. लोक आपणहून चपला काढून चढतात!"

"धुण्यानेच. कडेकडेने गोंद भरून कार्पेट असं चिकटवलंय की आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. कोणी चिकटवलं?"

धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन दिवस गुडघे मोडून तिनेच चिकटवलं होतं, आणि चार जणींना बोलावून दाखवलंही होतं.

"असं करा," ती म्हणाली, "तेवढा कोपरा कापा आणि फळी ठोका. शनिवारी मला बोट पाण्यात पाहिजे. बाकीचं सुट्ट्या संपल्यावर बघू."

"तेवढा कोपरा आधीच ठोकलाय कोणीतरी. खालून पत्रा आहे, तारेने आवळलेला. चांगला गंजलाय. तुम्हाला माहीत नाही?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली कठडा धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने पिशवीची चेन उघडत होती, लावत होती.

"ताई?"

"चार वर्षं झाली," थोरली म्हणाली. "पाय खचला होता माझा तिथं. दुसऱ्या एका मिस्त्रीला विचारलं, तो नव्वद हजार म्हणाला."

"मग?"

"मग तू सातव्या महिन्यात दवाखान्यात. पैसे तिकडे लागले."

चार वर्षं धाकटी त्या खुर्चीवरून टोमणे मारत आली होती. सिंहासन म्हणायची. एकदा एका आजोबांना सावलीतली जागा हवी होती, तरी थोरली तिथून हलली नव्हती. तेव्हा तर धाकटीने भर प्रवाशांत तोंड सोडलं होतं.

"म्हणून तुम्ही तिथं बसत होतात?"

"मग कोणाला बसवू? रिकामी ठेवली की पोरं उड्या मारतात."

"पण तुमचं वजन किती, ताई!"

"ब्याऐंशी. मिस्त्रींसमोरच विचारायचं होतं का?"

मिस्त्रीने पेन्सिलीच्या टोकाकडे बघायला सुरुवात केली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर चालवली असतीस बोट?"

धाकटीच्या एकदम काहीतरी लक्षात आलं आणि तिचा आवाज चिरकला. "अहो, तुम्हाला पोहतासुद्धा येत नाही!"

"आपल्या बोटीत चढणाऱ्या किती जणांना येतं?" थोरली म्हणाली.

मिस्त्री हातातला कागद उगीच पुन्हा वाचत राहिला. फळी ठोकायची की नाही, हे त्याने विचारलंच नाही.

धाकटीने फोन काढला. शनिवारची पहिली फेरी ज्या बाईने ठरवली होती तिचा नंबर लावला. फेरी होणार नाही हे कसं सांगायचं ते मनात नीट जुळवलं. पण फोन उचलला गेला तोच मुळी हसण्या-खिदळण्याच्या गोंगाटात.

"काकू, बरं झालं तुम्हीच केलात! आता तुम्हालाच लावणार होते. शनिवारी आम्ही दहा नाही, चौदा जण येतोय. घेईल ना हो बोट?"

धाकटीने खुर्चीपाशी फाटलेल्या कार्पेटकडे पाहिलं.

"हॅलो? काकू?"

पलीकडे फोन पोरांच्या हाती लागला असावा. एकामागून एक, वेगवेगळ्या आवाजांत, सगळे तिला हॅलो, हॅलो म्हणत राहिले.