उरलेली एकसष्ट

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिशाचा तण काढणारा रोबोट सातव्या, शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचला आणि थांबला. बाहेरून आलेले परीक्षक डॉ. रंगनाथ शिरसाठ पँट दुमडून कपाशीत उतरले आणि मागे राहिलेलं तण मोजू लागले.

राहुरीबाहेरच्या त्या प्लॉटवर सकाळी चारशे बारा तणं मोजली होती. एकसष्ट उरली. काम पंच्याऐंशी टक्के झालं. एम.टेक.च्या प्रात्यक्षिकात उत्तीर्ण व्हायला नव्वद लागत होते.

दिशा रोबोटिक्सच्या शेवटच्या सत्राला होती. आज उत्तीर्ण झाली तर एक ऑगस्टला चाकणच्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. नाहीतर पुढचं प्रात्यक्षिक डिसेंबरात. तोवर थांबणार नाही, असं कंपनीने कळवलं होतं.

"एकसष्टातली सत्तावन्न एकाच जातीची आहेत," शिरसाठ ओळीतूनच म्हणाले. "तांदुळजा. याला दिसत नसतं तर सगळंच थोडं थोडं सुटलं असतं. हा निवडून सोडतोय."

दिशाला ते माहीत होतं. सहा आठवडे ती त्याच्याच मागे होती. कॅमेरा बदलला, लेन्स बदलली, सावली पडू नये म्हणून रोबोटच्या पोटाखाली दिवे बसवले. तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर तांदुळज्याभोवती हिरवी चौकट होती. पीक, खात्री सत्त्याण्णव टक्के.

"सत्त्याण्णव!" तिने लॅपटॉप आपटून मिटला. "चुकायचं तर निदान घाबरत चूक ना."

"दिशा," तिचे मार्गदर्शक अमीर शेख हलकेच म्हणाले. "परीक्षक आहेत."

बांधावर खुरपणीच्या बायका बसल्या होत्या. रोबोटचं झालं की उरलेलं काढायला त्यांना बोलावलं होतं. गेल्या वर्षी याच बायकांचं काम सव्वीस दिवस कॅमेऱ्यात घेऊन दिशाने रोबोटला शिकवलं होतं. त्यांनी उपटलं ते तण, ठेवलं ते पीक. स्वतः ती भिंगारच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, शेतातली रोपं तिच्या ओळखीची नव्हती. उपटलेल्याची यादी तिने तीनदा तपासली होती. ठेवलेल्याची एकदाही नाही.

"झालं का गं तुझ्या गाडीचं?" त्यांच्यातल्या चांगुणाने विचारलं. "का तिचीबी कंबर धरली?"

बायका हसल्या. दिशा हसली नाही. ओळीतला एक तांदुळजा उपटून तिने तो रतनबाईंपुढे धरला. टोळीत त्या सगळ्यात जुन्या.

"रतनमावशी, हे तण आहे ना?"

"तांदुळजा हाय. का?"

"गाडीने हेच ठेवलंय. सगळ्या ओळींत."

रतनबाईंनी मान उंचावून रोबोटकडे पाहिलं. "शहाणी हाय की."

"मावशी, मी नापास होतेय."

"अगं, भाजी हाय ती. सकाळी उपटली तर सांजेपत्तुर मान टाकती. म्हणून ठिवायची, आन् घरी जाताना घ्यायची. आमी समद्या तसंच करतो."

"पण मी सव्वीस दिवस शूटिंग केलं. एकदाही घेताना दिसला नाहीत."

"तू साडेचारच्या एस्टीनं जायचीस. आमी साडेपाचला सुटतो."

दिशा हातातल्या रोपाकडे बघत राहिली. त्याची पानं एवढ्यातच मिटायला लागली होती. मग ती वळली आणि परीक्षकांकडे गेली. सांगताना मध्ये दोनदा तिचा आवाज चढला, दोनदा तिने तो खाली आणला.

शिरसाठांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्याला जे दाखवलं ते तो बरोबर शिकला."

"हो सर."

"आणि तुम्ही एक तास कमी दाखवलं."

"रोज एक तास. हो."

"सर, तांदुळजा वगळला तर तीनशे पंचावन्नात चार उरतात," शेख म्हणाले. "नव्याण्णव टक्के होतात."

"शेखसाहेब, तणांची यादी विद्यापीठाची आहे. तांदुळजा त्यात बारावा आहे. मी तो कुठल्या अधिकारात वगळू?"

"मग तिला कशासाठी नापास करणार, सर? रोबोटने एकही चूक केलेली नाही."

शिरसाठांनी फॉर्म काढून कडेला उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या सीटवर ठेवला. अपयशाचे कारण असा त्यात रकाना होता. त्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, आणि पेन हातात घेऊनच बांधापाशी आले.

"मावशी, मला एकच सांगा. हा तांदुळजा शेतात ठेवायचा की काढायचा?"

रतनबाई पदर सावरून उठल्या.

"किती वाजता, साहेब?"

या वेळी बायका हसल्या नाहीत. त्यांना रतनबाईंचा प्रश्न सरळ वाटला. शिरसाठांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा झाले होते. दिशाने त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, मग दुसरीकडे तोंड फिरवलं.

दीड वाजता परीक्षकांची गाडी निघणार होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. अडीचला शिरसाठांनी त्याला जेवून यायला सांगितलं.

साडेतीनला फॉर्मवरचे दोन्ही रकाने कोरे होते, निकालाचा आणि कारणाचा. सातही ओळी होत्या तशाच होत्या. साडेपाचला सुटेपर्यंत उरलेल्याला कुणी हात लावू नये, असं परीक्षकांनी बायकांना सांगून ठेवलं होतं.