मामाचा माग

"हा काचेचा नको," राव्ना म्हणाली. "बटणांचा दाखव."

दुकानदार तौनोनं दोन्ही जीपीएस काउंटरवर ठेवले होते. एक मोठ्या, लखलखीत काचेचा, बोट फिरवलं की नकाशा पळवणारा. दुसरा ठेंगणा, काळा, जाड बटणांचा. राव्नाचा लेक आन्ते काचेवाल्यावर भाळला होता.

"आई, यात सगळं कसं स्पष्ट दिसतं बघ."

"दिसतं ना? मग हातमोजा घाल आणि दाखव चालवून."

आन्तेनं रेनडिअरच्या कातड्याचा हातमोजा चढवला. काच ढिम्म. त्यानं जोरात बोट घासलं, तसा नकाशा सरकला तो थेट समुद्रात.

"डोंगरावर वारं सुटलं की हातमोजा काढशील, आणि घरी येऊन उरलेली बोटं मोजत बसशील."

तौनो हसला. "काकू, तुम्हीच बसा या काउंटरवर."

"बसले असते. पण मी खरं बोलते. तुझा माल पडून राहील."

बटणांचा ठरला. आन्तेचा जुना जीपीएस बर्फगाडीच्या पट्ट्याखाली येऊन चिरडला होता, आणि थांबायला सवड नव्हती. गोठलेल्या तळ्यापलीकडच्या डोंगरावर त्यांच्या रेनडिअरच्या माद्या विणीला आल्या होत्या, आणि तिकडे लांडग्यांची पावलं दिसली होती.

"वाट कुणाची भरू?" तौनोनं विचारलं.

इथे कोरा जीपीएस कुणी घरी नेत नाही. घरातल्या जाणत्या माणसाची वाट त्यात उतरवून घ्यायची. पडद्यावर रेघ येते, त्या रेघेवर गाडी ठेवायची.

"याच्या मामाची," राव्ना म्हणाली.

आन्ते घुटमळला. "मी म्हणतो, काठाकाठानं जावं. डोंगराच्या सोंडेला वळसा घालून. एप्रिल सरत आलाय."

"काठाकाठानं पाहुणे जातात, फोटो काढत. आपल्या माणसाचा माग सोडून गेलेले मी पण बघितलेत. म्हणजे, जाताना बघितलेत. येताना नाही."

तौनोनं दुकानातल्या संगणकाची तार जोडली. पडद्यावर निळी रेघ उमटली, तळ्यावरून सरळ, ताणलेल्या दोरीसारखी. आन्तेनं हेल्मेट चढवलं. आतून काहीतरी बोलला. बरं म्हणाला की बघतो म्हणाला, ते कळलं नाही. बाहेर गाडी घुरघुरली आणि तळ्यावरच्या धुक्यात शिरली.

राव्नानं कॉफी ओतून घेतली, इकडच्या रीतीनं त्यात चीजचे तुकडे टाकले. दिवस कारणी लागला होता.

तेवढ्यात तिचा भाऊ योव्ना आला, मासे धरायचे गळ घ्यायला. पायानं ढकलायची घसरगाडी त्यानं भिंतीला टेकवली.

"तळ्यावर कोण गेलं गं, ताई?"

"आपला आन्ते. नवा जीपीएस घेऊन दिला. तुझाच माग भरलाय त्यात."

योव्ना दारातच थांबला. "माझा कुठला?"

"सरळ जातो तो," तौनो म्हणाला. "तळ्याच्या चिंचोळ्या गळ्यावरून."

"अरे, तो जानेवारीतला! कडाक्यात काढलेला. तिथलं बर्फ काळं पडलंय आता. खालून पाणी खातंय त्याला. परवा मीच सोंडेला वळसा घालून आलो."

राव्नानं कॉफी खाली ठेवली. जन्मभर तिनं बर्फातले माग वाचले होते. कडा धारदार असल्या तर आजचा. वाऱ्यानं चाटल्या असल्या तर जुना, तिथं आधी काठीनं ठोकून बघायचं. पडद्यावरच्या रेघेला कडाच नव्हत्या. जानेवारीची रेघ तिला आज सकाळची वाटली होती.

योव्नानं फोन लावला. वाजत राहिला. "हेल्मेटात कुठला ऐकू यायला!" त्यानं पलीकडच्या काठावरच्या माणसांना फोन केला, भराभर सांगितलं, दोरी घेऊन निघा म्हणाला. तौनोची बर्फगाडी त्याची बायको घेऊन गेली होती. योव्नाची घसरगाडी भिंतीला टेकलेली होती, तिच्यावरून तळं ओलांडेपर्यंत दुपार झाली असती.

तिघं बाहेर पायरीवर आले. धुक्यात काहीच दिसत नव्हतं. फक्त गाडीचा आवाज, लांब, एकसुरी.

"सोंडेमागं वळला तर आवाज हळूहळू विझेल," योव्ना म्हणाला. "सरळ गेला, तर एकदम तुटेल."

पायरीशेजारी माशांचा फ्रीज घरघरत होता.

"तो बंद कर," राव्ना म्हणाली.

"काकू, आत मासे..."

"बंद कर म्हणते ना!"

तौनोनं वायर उपटली. आता आवाज स्वच्छ यायला लागला. राव्नानं डोक्यावरची लोकरी टोपी काढून मुठीत धरली, कान उघडे केले. पोरानं आपलं ऐकावं म्हणून तिनं त्याला पाळण्यापासून वळण लावलेलं, चारचौघांत मिरवलेलं. आज पहिल्यांदाच ती मनात म्हणत होती, ऐकू नकोस रे बाळा. एवढं एकदा ऐकू नकोस.

वाऱ्याची एक झुळूक आली. झाडांवरचं बर्फ भुसभुस खाली पडलं.

मग तळं गप्प झालं.

"हळूहळू गेला की एकदम?" योव्नानं विचारलं. "ताई, तुझे कान तिखट आहेत. सांग ना. हळूहळू गेला की एकदम?"

राव्ना पायरी उतरली, कान धुक्याकडे लावून. तौनोच्या हातात वायर तशीच होती. ती परत लावायचं त्याला धाडस होईना.