उलटी फळी
भिंतीवरची चौथी फळी बसेना. सुतारानं दाबली, ठोकळा लावून दोनदा ठोकली, तरी फट राहिलीच. फळीच्या एका कडेला जीभ असते, दुसरीला खाच. खालच्या फळीची जीभ वरच्या फळीच्या खाचेत शिरली, की दोन्ही एकजीव होतात. पन्नास वर्षांत प्रथमच त्यानं फळी उलटी धरली होती. जिभेवर जीभ टेकत होती. “काय हो मिस्त्री, बसत नाही? बोलावू दुसऱ्या कुणाला?” घरमालकीण दारातून डोकावली. “बाबा, मीच उलटी दिली,” मदतीला असलेली लेक पटकन म्हणाली. “केस पिकले तुझे, तरी अजून जीभ-खाच कळत नाही!” तो गरजला. मालकीण हसत आत गेली. लेकीनं फळी फिरवली; एका ठोक्यात बसली. पुढची फळी त्यानं उचलून भिंतीपाशी नुसती धरून ठेवली. मागं न वळता हळूच विचारलं, “ही बरोबर ना गं?”