बांधापलीकडचं गवत

"दोन पेंढ्या दे की, जोत्या. शेळ्यांची हाडं निघाल्यात." सिदू बांधावरून म्हणाला.

"ते जनावराचं न्हाय, सिदू."

"मग काय मानसाचं हाय?"

जोतिराम हसला नाही. "कारखान्याचं हाय. त्येच कापून नेत्यात."

चिंचोळीच्या माळावर दोघांची रानं शेजारी शेजारी. सिदूच्या रानात नुसती ढेकळं. जोतिरामच्या रानात कमरेएवढं गवत. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या करणाऱ्या कारखान्यानं त्याला पाण्याचा पाइप जोडून दिला होता. सिदूही साहेबाकडं जाऊन आला होता. एकच रान पुरे, असं उत्तर मिळालं.

पुढं जोतिरामनं आपल्या शेळ्याही माळशिरसला पाहुण्यांकडं धाडल्या.

"बघ, सोताच्या शेळ्यांनाबी काडी देईना. समदं इकून बंगला बांधायचाय त्येला," सिदू बायकोला म्हणाला.

"बांधू दे की. तुमचं का जळतंय?" राजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतिराम जेवायला गेला आणि सिदूनं कुंपणाची तार वर धरली. शेळ्या पोट टम्म होईस्तोवर चरल्या. मग हे रोजचंच झालं. दूध वाढलं.

अशात एक दिवस जोतिराम दारात आला. "सोनालीला रोज तांब्याभर दूध देशील का?" सोनाली त्याची तीन वर्षांची नात.

सिदूला आभाळ ठेंगणं झालं. "आलास का शेवटी माझ्या दारात!"

रोज सकाळी तो स्वतः किटली पोचवू लागला. त्याचंच गवत त्यालाच विकतोय, या विचारानं त्याची चाल बदलली.

महिन्यानं तो किटली देऊन निघाला, तर कारखान्याच्या दीक्षा मॅडम जोतिरामसोबत गवतापाशी उभ्या. हातात रबरी मोजे.

"या कडेला कुणाची जनावरं चरलीत?"

"डुकरं असत्याल," जोतिराम म्हणाला.

"चरली तर काय हुतंय, मॅडम?" सिदूनं विचारलं.

"बॅटरीची पूड धुतलेलं पाणी इथं सोडतो. न धुता करायची पद्धत आहे, पण महाग पडते. पाण्यातला विषारी धातू हे गवत ओढून घेतं. म्हणून आम्ही ते कापून नेतो. जनावरानं खाल्लं तर दुधातसुद्धा उतरेल."

मॅडम पुढं गेल्या. जोतिरामनं सिदूच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुणाला बोलायचं न्हाय, असं लिहून घेतलं हुतं माझ्याकडनं. पण तुझ्या शेळ्या कोरड्या माळावर चरत्यात, म्हणून तर पोरीला तुझंच दूध लावलं."