वाघासोबतचा फोटो

नाश्त्याच्या वेळी वाघाचा वेश घातलेला माणूस टेबलाशी आला, तशी चार वर्षांची जुई बाबाच्या पाठीमागे लपली. तिच्यासाठीच तर नचिकेतने हे जंगलासारखं सजवलेलं हॉटेल निवडलं होतं. "घाबरतेस काय, वेडे? खोटा वाघ आहे. हस बघू!" म्हणत त्याने तिला वाघाला खेटून उभं केलं. जुई हसली. फोटो झकास आला. त्याने तो लगेच घरच्यांना पाठवला.

खोलीत कपडे बदलताना तिची चड्डी ओली लागली.

"अगं, तिथेच का नाही सांगितलंस?"

"मी हलले असते तर तुझा फोटो बिघडला असता ना."

"चुकलं माझं, बाळा," म्हणत नचिकेतने तिला जवळ घेतलं.

जुईचा चेहरा उतरला. "फोटो चुकला? पुन्हा काढायचा?"