डेन्मार्कचा सात नंबर

“वहिनी, हा सात नंबर मागाहून रंगवलाय,” भिंग खाली ठेवत खांडेकर म्हणाले. तिच्या नवऱ्याने जमवलेले टेबल फुटबॉलचे संघ विकत घ्यायला ते आले होते. जुन्या वर्ल्ड कपच्या जर्सीतले बोटभर उंचीचे प्लास्टिकचे खेळाडू, प्रत्येक डब्यात अकरा. “मूळ रंग गेला की आम्हा जमवणाऱ्यांत त्या संघाला कोणी विचारत नाही.”

“बरं,” ती म्हणाली. नवरा गेल्यापासून महिनाभर ती सगळ्यांना एवढंच म्हणत होती.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत जळमटं काढताना डेन्मार्कचा हा खेळाडू तिच्या हातून पडला होता. जर्सीवरच्या लाल रंगाचा टवका उडाला. तिने नेलपॉलिश लावून तो गुपचूप डब्यात ठेवला. नवऱ्याने त्याबद्दल कधी विचारलं नाही.

खांडेकरांना डब्याच्या तळाशी चिठ्ठी सापडली. ती वाचून त्यांनी डबा तिच्याकडे सरकवला. “हा नाही नेत मी.”

चिठ्ठीवर नवऱ्याचं अक्षर होतं. ‘सात नंबर हिने रंगवलाय. मूळ रंगातला दुसरा संघ मिळत होता. मी घेतला नाही.’

तिने ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं. पण म्हणाली, “म्हणजे यांना ठाऊक होतं.”