उडाली

“ताई, उडाली का?”

“नाही रे. पंख फुटलेत, पण जोर नाही अजून.”

सुरुंगवाल्यानं हेल्मेट दगडावर आपटलं. रोज सकाळी हाच प्रश्न आणि रोज हेच उत्तर. खाणीच्या पूर्वेकडच्या भिंतीत, वरच्या कपारीत घुबडाची तीन पिल्लं होती. ती उडेपर्यंत भिंतीला सुरुंग लावायचा नाही, असा नियम. आणि चांगला दगड नेमका तिथंच उरलेला!

नियम पाळला जातो की नाही, हे बघायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीचं. जुन्या खड्ड्यांत तिनं तळी केली होती, मुरुमाच्या ढिगांवर झाडं जगवली होती. सगळे तिला पाखरंताई म्हणत. सशांच्या वाटेवर गाडी घातली तर ही बाई कान उपटेल, म्हणून ट्रकवाले मुकाट वळसा घालून जात. खोटं म्हणून बोलायची नाही. लहानपणी यानं काच फोडली तेव्हासुद्धा तिनं आईला खरं ते सांगून टाकलं होतं. मार खाल्ला तो यानंच.

“सोमवारी भिंत फुटली नाही तर टोळी बंद, असं मालक म्हणतात,” तो म्हणाला. “सात माणसं आहेत माझ्याबरोबर. आणि या वयात मला कोण दारात उभं करणार?”

“थोडं थांब. एकदा उडाली की घुबडीण त्यांना घेऊन टेकडीपलीकडे जाते. मग इकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा खुशाल फोड.”

“कधी पण?”

“ते त्यांना विचार. त्यांना काय तारीख कळते?”

“चेष्टा सुचतेय तुला! चूल विझेल माझी.” त्याचा आवाज चढला. “एकदाचं सांगून टाक ताई, पाखरं मोठी की भाऊ मोठा?”

ती दुर्बिणीची काच पदरानं पुसत राहिली.

सोमवारी सकाळी ती भिंतीवरून खाली आली, तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

“लाव,” ती म्हणाली.

“उडाली?”

“लाव म्हटलं ना!”

त्याचा जीव भांड्यात पडला. पोरं घर सोडून गेली की आईला रडू येतंच, तसंच हे, असं त्याला वाटलं. त्यानं टोळीला हाका मारल्या.

भोंगा वाजला. माणसं मागे सरली. एरवी सुरुंगाच्या वेळी ताई कानांत बोटं घालून ऑफिसात जाऊन बसायची. आज ती सगळ्यांच्या पुढे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्यानं बटण दाबलं. भिंत धुरळ्यात खाली बसली.

दुपारी पाहणीचे साहेब आले.

“पिल्लं उडाली?”

“उडाली.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

“स्वतः पाहिलंत, की कुणी सांगितलं?”

“या डोळ्यांनी पाहिलं.”

साहेबांनी मान डोलावली. “पाखरंताई म्हणाल्या म्हणजे झालं,” असं म्हणत ते गाडीत बसले.

दिवस कलला तरी ट्रक भरतच होते. सुरुंगवाला दोन कप चहा घेऊन बहिणीजवळ येऊन बसला. किती दिवसांनी त्याला मोकळं वाटत होतं.

“बघ, तुझी पाखरंही सुटली अन् माझी माणसंही. सापही मेला आणि काठीही तुटली नाही.”

तिनं चहाला तोंड लावलं नाही.

“भाऊ मोठा,” ती म्हणाली.

“म्हणजे काय, आहेच!” तो हसला.

उजेड जाता जाता पायांत उंदीर धरून घुबडीण आली, आणि जिथं कपार होती तिथं, रिकाम्या हवेत, घिरट्या घालत राहिली.